समान वांट्याची भूमिति

मराठींत भाकरीच्या चवथ्या हिश्शाला स्वतंत्र शब्द आहे : चतकोर. निम्मी भाकरी, पाऊण भाकरी हे शब्दप्रयोगहि घरोघर ऐकूं येतात. परंतु भाकरीच्या पांचव्या किंवा सातव्या हिश्शाला स्वयंपाकघराच्या भाषेंत नांव नाहीं. हा निव्वळ योगायोग नव्हे. जुन्या मापांकडे पाहिलें तर तेथेंहि हाच प्रकार आढळतो. रुपयाचे सोळा आणे, शेराचे चार पावशेर, पावशेराचे दोन अदपाव, अदपावाचे दोन छटाक. नाण्यांतील ही पद्धत १९५७ सालीं दशमान नाण्यांनीं मागें सारली आणि वजनांतील पद्धतहि त्याच सुमारास गेली. तोंपर्यंत मात्र पिढ्यान् पिढ्या बाजाराचा हिशेब एकाच क्रियेवर उभा होता. ती क्रिया म्हणजे निम्मे करणें.

निम्मे करणें सोपें कां असतें ? दोन वांटे समान आहेत कीं नाहींत हें ठरविण्यास मोजपट्टी लागत नाहीं; एक दुसऱ्यावर ठेवला कीं निवाडा होतो. मऊ पोळीची एक कड दुसऱ्या कडेवर आणून घडी घातली कीं ती घडी व्यासावरच पडते. त्या घडीची पुन्हां घडी घातली म्हणजे चार चतकोर होतात, आणि पोळी उलगडल्यावर दोन घड्या जेथें एकमेकींस छेदतात तो वर्तुळाचा मध्यबिंदु असतो. याच क्रमानें आठ आणि सोळा भाग मिळतात. पण घरांतील माणसें दोन, चार, आठ अशाच हिशेबानें असतात असें नाहीं. तीन, पांच, सहा किंवा सात पानें मांडलीं कीं घडीची विद्या संपते आणि भूमितीची सुरू होते.

त्यांपैकीं सहा भागांचें काम वर्तुळ स्वतःच करून देतें. मध्यापासून कांठापर्यंत, म्हणजे त्रिज्येइतका, एक दोरा घ्यावा. कांठावरील कोणत्याहि एका बिंदूवर त्याचें एक टोंक धरून तो सरळ ताणावा, आणि दुसरें टोंक कांठाला जेथें लागेल तेथें खूण करावी. त्या खुणेपासून पुढें पुन्हां तसेंच करावें. सहाव्या खेपेस दोरा निघाल्या जागीं परत येतो. केंसाइतकाहि फरक राहत नाहीं. याचें कारण साधें आहे. लगतच्या दोन खुणा आणि मध्यबिंदु मिळून जो त्रिकोण होतो त्याच्या तिन्ही बाजू त्रिज्येइतक्याच असतात. तो समभुज असल्यामुळें त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, आणि असे सहा कोन मिळून ३६० अंश. एक खूण सोडून एक घेतली कीं तीन भाग होतात. प्रत्येक भाग निमविला कीं बारा.

पांचांचें काम इतकें सरळ नाहीं. इसवी सनापूर्वीं सुमारें ३०० वर्षें झालेल्या युक्लिडनें आपल्या ‘मूलतत्त्वें’ या ग्रंथाच्या चवथ्या भागांत वर्तुळांत सुसम पंचकोन कसा काढावा हें सांगितलें आहे. त्यासाठीं एक रेषा अशी तोडावी लागते कीं, सबंध रेषेचें मोठ्या तुकड्याशीं जें प्रमाण, तेंच मोठ्याचें लहान तुकड्याशीं असावें. हें साधणें सुरीनें शक्य नसलें तरी कागदाच्या पट्टीनें शक्य आहे. सारख्या रुंदीची एक लांब पट्टी घेऊन तिला साधी गांठ मारावी आणि ती सांवकाश ताणून चपटी करावी. पट्टी कोठेंहि न चुरगळतां गांठ घट्ट बसली म्हणजे तिचा आकार सुसम पंचकोनाचा होतो. तो पंचकोन पोळीच्या मध्यावर नीट ठेवून मध्यांतून त्याच्या पांच कोनांकडे रेघा वाढविल्या म्हणजे पोळीचे पांच समान वांटे मिळतात.

युक्लिडच्या ग्रंथांत तीन, चार, पांच, सहा आणि पंधरा बाजूंच्या सुसम आकृति आहेत. सातांची नाहीं. पुढें दोन हजार वर्षें अनेक विद्वानांनीं कंपास आणि आंकडे नसलेली पट्टी एवढ्याच साधनांनीं वर्तुळाचे सात समान भाग करण्याची खटपट केली आणि ती निष्फळ ठरली. या कोड्याचें उत्तर अनपेक्षित दिशेनें आलें. १७९६ च्या मार्च महिन्यांत कार्ल फ्रीड्रिख गाउस या अठरा वर्षांच्या जर्मन तरुणाला असें आढळलें कीं, सात भाग होत नसले तरी सतरा भाग खात्रीनें होतात. १८०१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अंकगणितावरील ग्रंथांत त्यानें कोणत्या संख्यांचे भाग पाडतां येतात याचा नियम दिला. ज्ञात असलेल्या मूळ संख्यांपैकीं २ सोडून ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ एवढ्याच या परीक्षेला उतरतात. त्यांचा परस्परांशीं गुणाकार करतां येतो, आणि आलेल्या संख्येची दुप्पट, चौपट, आठपटहि चालते. पण यांपैकीं कोणतीहि संख्या एकदांच घ्यावयाची. म्हणून तीन व पांच यांचे पंधरा भाग होतात, पण तीन व तीन यांचे नऊ होत नाहींत. या नियमाबाहेरच्या संख्या खरोखरच अशक्य आहेत, याची पूर्ण सिद्धता पिएर वांट्सेल या फ्रेंच गणितज्ञानें १८३७ सालीं दिली. सात भाग करण्याची युक्ति आजवर कोणाला सुचली नाहीं असें नव्हे. तशी युक्ति असूंच शकत नाहीं.

मात्र स्वयंपाकघरावर युक्लिडच्या नियमांचें बंधन नाहीं. तेथें आंकडे असलेली पट्टी वापरण्यास मुभा आहे, आणि ती वापरण्याचा उत्तम मार्ग भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० सालीं, ‘लीलावती’ ग्रंथांत सांगून ठेवला आहे. (चाळीसगांवजवळील पाटण येथें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे.) भास्कराचार्यांची रीत अशी : वर्तुळाच्या व्यासाला एका ठराविक संख्येनें गुणावें व १,२०,००० नीं भागावें, जें उत्तर येईल तें वर्तुळांतील सुसम आकृतीच्या एका बाजूचें माप. त्रिकोणासाठीं ती संख्या १०३९२३, चौकोनासाठीं ८४८५३, पंचकोनासाठीं ७०५३४, षट्कोनासाठीं ६००००, सप्तकोनासाठीं ५२०५५, अष्टकोनासाठीं ४५९२२ आणि नवकोनासाठीं ४१०३१. षट्कोनाची संख्या भाजकाच्या बरोबर निम्मी आहे, म्हणजे षट्कोनाची बाजू व्यासाच्या निम्मी. दोऱ्यानें जें दाखविलें तेंच येथें आंकड्यांत उतरलें आहे.

या सात संख्यांची आजच्या सूक्ष्म गणिताशीं तुलना केली तर एक मौज दिसून येते. पांच संख्या अगदीं अचूक आहेत. फक्त सप्तकोनाची ५२०६६ असावयास हवी होती आणि नवकोनाची ४१०४२; दोन्ही ठिकाणीं अकरांची तूट आहे. जे दोन भाग कंपास व पट्टी यांच्या आटोक्यांत येत नाहींत, नेमके तेच दोन येथेंहि किंचित् निसटले आहेत. अर्थात् ही तूट जेवणाच्या पानावर कोणाच्या लक्षांत यावयाची नाहीं. २४ सेंटिमीटर व्यासाच्या पोळीसाठीं भास्कराचार्यांच्या हिशेबानें सप्तकोनाची बाजू १०.४११ सेंटिमीटर येते. कांठावर तेवढ्या अंतराच्या सात खुणा केल्या तर शेवटीं उरणारी फट एक पंचमांश मिलिमीटरहूनहि कमी असते.

ज्यांना गुणाकार-भागाकाराची दगदग नको असेल त्यांच्यासाठीं कारागिरांची एक जुनी युक्ति आहे. ती दहाव्या शतकांत बगदाद येथील अबुल-वफा यानें कारागिरांसाठीं लिहिलेल्या भूमितींत आढळते, आणि १५२५ सालीं जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यानेंहि ती दिली आहे. षट्कोनाच्या वेळीं मध्यबिंदु आणि लगतच्या दोन खुणा यांचा जो समभुज त्रिकोण झाला, त्याची उंची घ्यावी. म्हणजे त्या दोन खुणांच्या बरोबर मधला बिंदु धरून तेथपासून मध्यापर्यंतचें अंतर दोऱ्यानें मोजावें. हें अंतर सप्तकोनाच्या बाजूइतकें असतें असें म्हणण्यास फारशी हरकत नाहीं. वरील पोळीवर सात खुणा केल्यावर दीड मिलिमीटरहून किंचित् जास्त फट उरते आणि ती सातव्या वांट्यांत मिसळून जाते. भूमितीच्या दृष्टीनें हा दोष, पण सुरीच्या पात्यानें होणारी चूक बहुधा याहून मोठी असते.

इथवर जें सांगितलें त्या सर्वांत एक गोष्ट गृहीत धरली आहे : मध्यबिंदु बरोबर सांपडला पाहिजे आणि सर्व काप त्यांतून गेले पाहिजेत. व्यवहारांत हेंच साधत नाहीं. थालीपीठाचें उदाहरण घ्यावें. तें हातानें थापतात आणि तेल सोडण्यासाठीं मध्यें बोटानें भोंक पाडतात. पण तें भोंक क्वचितच नेमकें मध्यावर असतें. थालीपीठ कापतांना मात्र सुरी त्या भोंकांतूनच फिरविण्याचा मोह होतो. मग कोणाचा तुकडा मोठा, कोणाचा लहान, आणि दोन भावंडांत वाद सुरू. या वादावर भूमितीनें एक विलक्षण तोड काढून ठेविली आहे.

भोंक कोठेंहि असो, त्यांतून चार सरळ काप द्यावे. पहिला काप वाटेल त्या दिशेनें. दुसरा त्याला काटकोनांत. उरलेले दोन त्या काटकोनांना बरोबर निमविणारे. म्हणजे भोंकाभोंवतीं ४५ अंशांचे आठ कोन झाले. आठ तुकड्यांचे आकार एकमेकांशीं मुळींच जुळणार नाहींत. कांहीं लांबट, कांहीं आंखूड. आतां एका भावंडानें एक तुकडा सोडून एक असे चार उचलावे आणि उरलेले चार दुसऱ्यानें घ्यावे. थालीपीठ वर्तुळाकार असेल तर दोघांना नेमकें निम्मेंनिम्मे मिळतें. हें प्रमेय एल. जे. अप्टन यांनीं अमेरिकेंतील ‘मॅथेमॅटिक्स मॅगझीन’ या नियतकालिकांत १९६७ सालीं प्रश्नरूपानें मांडलें आणि पुढच्याच वर्षीं त्याचें उत्तर तेथें प्रसिद्ध झालें. १९९४ सालीं लॅरी कार्टर व स्टॅन वॅगन यांनीं एका भावंडाच्या तुकड्यांचे आणखी लहान तुकडे करून ते दुसऱ्याच्या तुकड्यांवर तंतोतंत कसे बसवितां येतात हें आकृतीनेंच दाखविलें.

या प्रमेयाचें कारण थोडी कल्पना लढविली तर कागद-पेन्सिलीवांचूनहि कळण्यासारखें आहे. अशी कल्पना करावी कीं, भोंकांत एक खिळा उभा आहे आणि त्याभोंवतीं काटकोनांत जोडलेल्या चार काड्यांची एक फुली फिरत आहे. प्रत्येक काडी खिळ्यापासून निघून थालीपीठाच्या कांठापर्यंत पोंचते. म्हणून फुली फिरेल तसतशी कोणी काडी लांबते, कोणी आंखडते. पण चारी काड्यांच्या लांबींचे वर्ग करून त्यांची बेरीज केली तर ती कधींच बदलत नाहीं. ती नेहमीं व्यासाच्या वर्गाइतकी राहते. हें प्रमेय बरेंच जुनें आहे. आर्किमीडीजच्या नांवावर असलेला आणि अरबी भाषांतराच्या द्वारें आपल्यापर्यंत पोंचलेला जो एक छोटा ग्रंथ आहे, त्यांतील तें अकरावें प्रमेय होय. आतां, फुली अगदीं थोडी फिरली असतां एकेक काडी जी बारीक पाचर झाडून काढते, तिचें क्षेत्रफळ त्या काडीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. वर्गांची बेरीज स्थिर, म्हणून चारी काड्यांनीं मिळून झाडलेलें क्षेत्रफळ प्रत्येक अंशाला सारखेंच. पहिल्या कापांपासून निघून फुली ४५ अंश फिरली कीं तिनें एकाआड एक असे चार तुकडे झाडलेले असतात. पुढच्या ४५ अंशांत उरलेले चार. दोन्ही वेळीं कोन तेवढाच, म्हणून क्षेत्रफळहि तेवढेंच.

याचाच एक उपसिद्धांत खाणाऱ्यांना विशेष आवडावा असा आहे. थालीपीठाचा खरपूस कांठहि या वांटणींत दोघांना समान मिळतो. भोंक आणि काप तसेच ठेवून थालीपीठ कांठानें किंचित् मोठें केलें असें समजावें. मोठें थालीपीठहि समान वांटलें जाणार आणि पहिलेंहि. तेव्हां मोठ्यांतून पहिलें वजा केल्यावर जी बारीक कड उरते, तीहि समान वांटली गेलीच पाहिजे.

मात्र ही युक्ति वाटेल तितक्या कापांना लागू नाहीं. भोंक मध्यावर नसतांना दोनच काप दिले, किंवा तीन अगर पांच दिले, तर एकाआड एक घेतलेले वांटे समान येत नाहींत. एखादा काप योगायोगानें खऱ्या मध्यांतून गेला तरच येतात. चार, सहा, आठ अशा सम संख्येचे काप मात्र चालतात. विषम संख्येच्या प्रसंगीं कोणाला अधिक मिळतें याचा पूर्ण उलगडा रिक मॅब्री व पॉल डायरमान यांनीं २००९ सालीं केला. थालीपीठासंबंधींचा एवढासा प्रश्न, पण त्याचा शेवट लागावयास चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं.

वर्तुळ सोडून चौकोनाकडे वळलें तर अडचण वाढेल असें वाटतें. वस्तुतः ती कमी होते. चौरस ताटांत थापलेल्या बर्फीचे पांच समान वांटे करावयाचे आहेत असें समजावें. पांच उभ्या पट्ट्या कापतां येतील, पण मग टोंकाच्या दोन पट्ट्यांना कडेचा वाळलेला भाग जास्त येतो. त्याऐवजीं ताटाच्या चारी कडा मिळून जो परीघ होतो त्याचे पांच सारखे भाग पाडावे आणि त्या पांच खुणांपासून मध्यापर्यंत काप द्यावे. २० सेंटिमीटर बाजूच्या ताटाचा परीघ ८० सेंटिमीटर. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून दर १६ सेंटिमीटरवर खूण करावी. एका वांट्याला एकाच कडेचे १६ सेंटिमीटर येतील, दुसऱ्याला कोपरा वळून ४ आणि १२, तिसऱ्याला ८ आणि ८. आकार निरनिराळे, पण प्रत्येक वांटा मध्यापासून कडेपर्यंतच्या त्रिकोणांचाच बनलेला. त्या त्रिकोणांची उंची सर्वत्र १० सेंटिमीटर, आणि पाये मिळून १६. म्हणून प्रत्येकाचें क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर. कड समान, गर समान. वर्तुळांतहि खरें पाहतां हेंच घडतें. वर्तुळाचें क्षेत्रफळ, परीघ हा पाया व त्रिज्या ही उंची असलेल्या त्रिकोणाइतकें असतें, असें आर्किमीडीजनें सिद्ध केलें आहे. त्यामुळें वर्तुळाचा परीघ जितक्या समान भागांत तोडावा तितक्याच समान भागांत सबंध वर्तुळ तुटतें.

यावरून एक प्रश्न आपोआप पुढें येतो : समान म्हणजे कशांत समान ? एखाद्या मुलाला भाकरीचा कडक कांठ नकोसा वाटतो आणि त्याच्या आजोबांना तोच हवा असतो. अशा घरीं भाकरी मध्यांतून कापण्याऐवजीं तिच्या आंत एक लहान गोल कापला तर दोघेहि संतुष्ट होतील. पण त्या गोलाची त्रिज्या किती असावी ? डोळ्याला निम्मी त्रिज्या बरोबर वाटते, आणि तेथेंच डोळा फसतो. निम्म्या त्रिज्येचा गोल हा निम्मी भाकरी नसून फक्त एक चतकोर असतो. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या भाकरींत निम्मा भाग हवा असेल तर आंतल्या गोलाची त्रिज्या जवळजवळ ७ सेंटिमीटर घ्यावी लागते. बाहेरचा ३ सेंटिमीटरचा पट्टाच उरलेली निम्मी भाकरी. याच कारणास्तव एका मोठ्या पोळीबद्दल निम्म्या व्यासाच्या दोन पोळ्या देणाऱ्याने भरपाई केली असें होत नाहीं; जाडी तीच असेल तर चार द्याव्या लागतात.

गोल कलिंगडाची तऱ्हा याहून निराळी. तें आडवें ठेवून समान जाडीच्या चार चकत्या केल्या तर टोंकाच्या चकतीला साल जास्त आली अशी तक्रार बहुधा ऐकूं येते. चेंडूसारख्या गोल वस्तूची चकती कोठूनहि कापली तरी जाडी तीच असतां सालीचें क्षेत्रफळ तेंच येतें, हें आर्किमीडीजचें आणखी एक प्रमेय. तेव्हां साल चौघांनाहि समान मिळाली; असमान आहे तो गर. साल अगदीं पातळ धरली तर टोंकाच्या चकतींत ५ वांटे गर असतांना मधल्या चकतींत ११ वांटे असतो. तक्रार खरी, पण तिचें कारण चुकीचें सांगितलें गेलें.

क्षेत्रफळ, कांठ, साल आणि गर हीं मोजतां येण्यासारखीं आहेत. परंतु केकवरचें बदामाचें काप, थालीपीठाचा अधिक भाजलेला कोपरा किंवा पोळींत एका बाजूला जमलेलें पुरण यांची किंमत प्रत्येकाच्या मनांत वेगळी असते. तेथें मोजपट्टीचा उपयोग नाहीं. दोघांपुरता याचा तोडगा जगभर ठाऊक आहे : एकानें कापावें, दुसऱ्यानें निवडावें. कापणारा आपल्या मतें दोन्ही वांटे समान करतो, कारण कोणता आपल्याकडे राहील हें त्याच्या हातीं नसतें. निवडणारा आपल्या मतें मोठा वांटा उचलतो. दोघांपैकीं कोणालाहि आपण फसलों असें म्हणतां येत नाहीं.

तिघांच्या किंवा अधिकांच्या बाबतींत ही रीत कशी चालवावी याचा शास्त्रीय विचार ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञानें केला. त्याचे सहकारी स्टेफान बानाख व ब्रोनिस्लाव क्नास्टर यांनीं वाटेल तितक्या माणसांना लागू पडणारी रीत शोधली आणि स्टाइनहाउसनें ती १९४८ सालीं प्रसिद्ध केली. तिघे बसले आहेत असें समजावें. पहिला आपल्या मतें तिसरा हिस्सा होईल असा तुकडा कापतो. दुसऱ्याला तो मोठा वाटला तर तो त्यांतून थोडा कमी करतो. मग तिसऱ्यालाहि तीच संधि. ज्यानें सर्वांत शेवटीं त्या तुकड्याला सुरी लावली त्यानेंच तो घ्यावयाचा. काढलेले कपटे उरलेल्या भागांत जमा होतात आणि राहिलेले दोघे कापणारा व निवडणारा या जुन्या रीतीनें वांटणी करतात. प्रत्येकाला स्वतःच्या मोजमापानें निदान तिसरा हिस्सा मिळतोच.

तरी येथें एक बारकावा उरतो. मला माझा तिसरा हिस्सा मिळाला, असें एखाद्याचें समाधान झालें तरी दुसऱ्या कोणाला त्याच्याहून अधिक मिळालें असें त्याला वाटूं शकतें. असा हेवा कोणाच्याहि मनांत राहूं नये अशी तिघांसाठींची रीत जॉन सेल्फ्रिज व जॉन कॉन्वे यांनीं १९६० च्या सुमारास स्वतंत्रपणें शोधली. कितीहि माणसांसाठीं ठराविक पायऱ्यांत संपणारी रीत मात्र हरिस अझीझ व सायमन मॅकेंझी यांनीं २०१६ सालीं दिली, आणि तींत लागूं शकणाऱ्या पायऱ्यांची मर्यादा इतकी प्रचंड आहे कीं प्रत्यक्ष जेवणाच्या वेळीं तिचा विचारहि करतां येत नाहीं. सप्तकोनाला दोन हजार वर्षें लागलीं. हेवा न उरेल अशी वांटणी त्याहून अवघड ठरली.

या सर्व रीतींना एक संख्या बाहेरून द्यावी लागते : वांटे किती ? ती भूमिति सांगत नाहीं. ती घरानेंच ठरवावयाची असते. कापणाऱ्यानें शेवटीं घ्यावें हा न्याय पुष्कळ घरांत पूर्वापार चालत आला आहे, कारण जिच्या हातीं कालथा तिचें पान शेवटीं वाढलें जातें. पण त्या न्यायाचें सारें बळ एका अटीवर आहे. शेवटचा वांटा कापणाऱ्याचा असतो, तेव्हांच समान कापण्यांत त्याचें हित असतें. तो वांटा मोजणींतच धरला नसेल तर शेवटीं घेण्याला कांहीं अर्थ राहत नाहीं. पानावर बसलेल्यांची संख्या मोजून पोळीचे तितकेच भाग केले, आणि जिनें ती लाटली व भाजली तिला उरलासुरला तुकडा आला, तर पांचहि कोन बरोबर ७२ अंशांचे असून वांटणी चुकलेलीच असते.

ही चूक टाळणें पुष्कळदां भूमितीच्या दृष्टीनेंहि सोयीचें असतें. पांचजण जेवावयास बसले आणि सहावी तव्यापाशीं असली, तर सहा वांटे धरावे. मग युक्लिडचा पंचकोन नको कीं कागदाची गांठ नको, त्रिज्येइतका एक दोरा पुरतो. सातजण बसले असतां तिला आठवी धरली कीं भास्कराचार्यांच्या संख्येचीहि गरज राहत नाहीं. तीन घड्यांत काम होतें. चौघांच्या घरीं मात्र पांचवा वांटा धरणें थोडें अवघड जातें. तेथें दोरा कांठाभोंवतीं गुंडाळून त्याची लांबी पट्टीवर मोजावी आणि तिला पांचांनीं भागावें.